नागपुरात गोल्फ शिकताय? पहिला वेज घेण्याआधी पायाखालची जमीन पाहा

गोल्फ शिकायला लागून काही महिने होतात, चेंडू बऱ्यापैकी हवेत जायला लागतो, आणि मग नव्या खेळाडूच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो: आपल्या बॅगेत वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उचलून मारायचे क्लब, कमी आहेत. मोबाइलवर शोधायला बसलं की ५०, ५२, ५४, ५६, ५८, ६० अशी रांगच लागते. प्रत्येकापुढे आणखी एक आकडा, त्याच्यापुढे एखादं अक्षर. विकणारा म्हणतो ६० घ्या, टीव्हीवर सगळे तोच मारतात. सोबत खेळणारे काका म्हणतात, ५६ घे अन् गप खेळ. दोघांपैकी एकही जण विचारत नाही की भाऊ, तू खेळून कुठं राहिला?

नागपुरात हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. इथली जमीन वर्षातून तीनदा रूप पालटते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की काळी माती वाळून तडकते आणि फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या मुख्य गवताच्या पट्ट्यावर, क्लब आपटल्याचा टणत्कार मनगटापर्यंत येतो. जुलैत तीच माती बुटाला अशी चिकटते की दोन होलनंतर पाय उचलणं जड जातं. दिवाळीनंतर तीनेक महिने मात्र खेळायला खरोखर सुख असतं. वेजवरचे बहुतेक लेख बारा महिने पाणी पाजलेल्या, एकसारख्या हिरवळीवर खेळणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. ते वाचून घेतलेला वेज आपल्याकडे चार महिने बरा चालतो आणि आठ महिने नडतो. म्हणून पुढे भर मी नेहमीच्या उलट ठेवला आहे. अंशांचा हिशेब लवकर आटपू आणि जमिनीपाशी जास्त वेळ थांबू.

आधी चार शब्द

लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेहरा किती मागे कललेला आहे, तो कोन. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच जातो आणि लवकर खाली येतो. आजच्या सेटमधला पिचिंग वेज साधारण ४३ ते ४६ अंशांचा, गॅप वेज ५० ते ५२चा, सँड वेज ५४ ते ५६चा आणि लॉब वेज ५८च्या पुढचा. गॅप वेजला कोणी ॲप्रोच वेज म्हणतं, वस्तू तीच.

बाउन्स हा तळाचा कोन. क्लब जमिनीवर सरळ टेकवून बाजूने डोळे लावून पाहा. तळाचा मागचा भाग जमिनीला टेकलेला दिसेल आणि पुढची धार किंचित वर उचललेली. ती जितकी वर, तितका बाउन्स जास्त. ४ ते ६ अंश म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्यापुढे जास्त. तळ टाचेकडून, टोकाकडून किंवा मागून घासून कमी केलेला असतो, त्याला ग्राइंड म्हणतात. क्लबवर ५६.१० असं कोरलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ५६ लॉफ्ट आणि १० बाउन्स. काही कंपन्या बाउन्स क्लबवर लिहीतच नाहीत, तो त्यांच्या संकेतस्थळावर शोधावा लागतो. शोधा, आळस करू नका. वेज घेताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे.

पहिली पायरी: आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट शोधा

नव्या माणसाकडे बहुधा तयार सेट असतो. त्यात पिचिंग वेज असतोच, कधी सोबत एक सँड वेजही असतो. या पिचिंग वेजचा लॉफ्ट किती, हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे.

जुन्या काळच्या सेटमध्ये पिचिंग वेज ४८ अंशांच्या आसपास असायचा. मग चेंडू लांब जावा म्हणून कंपन्यांनी आयर्नचे, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबचे, लॉफ्ट हळूहळू कमी केले. आज नवख्यांसाठीच्या सेटमधला पिचिंग वेज ४४, कधी ४३चा निघतो. नाव तेच राहिलं, क्लब मात्र जुन्या नऊ नंबर आयर्नच्या जवळ गेला. सँड वेज अजून ५६लाच आहे. त्यामुळे मधली दरी रुंदावली आणि ती भरायला गॅप वेज आला.

सेटचं नाव आणि मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर टाकलं की लॉफ्टचा तक्ता मिळतो. मोठ्या भावाकडून किंवा साहेबांकडून मिळालेला जुना सेट असेल आणि तक्ता सापडत नसेल, तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे लॉफ्ट मोजायचं यंत्र असतं. मुंबई-पुण्याला जाणं झालं तर मोजून आणा.

दुसरी पायरी: अंतरं वहीत लिहा

सरावाच्या मैदानावर पिचिंग वेजने दहा चेंडू मारा, पूर्ण स्विंगने, पण जीव खाऊन नव्हे. सगळ्यात लांब गेलेला एक आणि सगळ्यात फसलेला एक सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी घ्या. चेंडू कुठे पडला ते मोजायचं. घरंगळत कुठे गेला ते नाही. उन्हाळ्यात आपल्या फेअरवेवर चेंडू पडल्यावर इतका पळतो की नवखा माणूस पिचिंग वेज १३० यार्ड मारतो असं समजून बसतो. पावसाळ्यात तोच माणूस ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, वीस यार्ड अलीकडे उभा असतो.

सँड वेज असेल तर त्याचंही असंच करा. आता समजा, तुमचा पिचिंग वेज ४४ अंशांचा आहे आणि १०० यार्ड जातो. सँड वेज ५६चा आहे आणि ७० यार्ड जातो. मध्ये १२ अंश आणि ३० यार्ड रिकामे. झेंड्यापासून ८५ यार्डांवर उभे राहिलात की पिचिंग वेज हळू मारायचा की सँड वेज जोरात, हा घोळ होणार. हळू मारताना हात थबकतात, जोरात मारताना तोल जातो. या माणसाला ५०चा गॅप वेज हवा, बस. त्याचा प्रश्न तिथे संपला.

सर्वसाधारण हिशेब असा की दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचं अंतर ठेवावं, म्हणजे पूर्ण स्विंगला दहा ते पंधरा यार्डांचा फरक पडतो. पिचिंग वेज ४४ असेल तर ५० आणि ५६. तो ४६ असेल तर ५२ आणि ५६ किंवा ५२ आणि ५८. ज्येष्ठ मंडळी, किंवा ज्यांचा स्विंग मुळातच संथ आहे, त्यांच्या बाबतीत अंतरं आणखी दाटीची होतात. पिचिंग वेजच ७० यार्ड जात असेल तर मधला एक वेज गाळा आणि ती जागा हायब्रिडला, म्हणजे लांब आयर्नऐवजी वापरायच्या सोप्या क्लबला, द्या. नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब चालतात. ही मर्यादा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ साली घातली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या आर अँड एने. सुरुवातीला १४ भरायची काही गरज नाही, दहा-अकरांत मजेत खेळता येतं.

तिसरी पायरी: जमीन

आता खऱ्या मुद्द्याकडे.

१९३२ साली जीन साराझेनने ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत त्याने स्वतः घडवलेला सँड वेज होता. त्याआधी लोक वाळूतून चेंडू काढायला पातळ धारेचे क्लब वापरायचे आणि ती धार वाळूत रुतून बसायची. वाळू ओंजळीत घेतल्यासारखा चेंडू उचलणारे खोलगट चेहऱ्याचे क्लबही निघाले होते, पण त्यांच्यावर १९३१मध्ये बंदी आली. साराझेनने निब्लिकच्या, म्हणजे त्या काळच्या नऊ नंबर आयर्नच्या, तळाला शिशाचा डाग देऊन मागची बाजू जाड केली. कल्पना सुचली ती विमानाच्या शेपटीची पाती कशी खाली-वर होतात ते पाहून. जाड तळ वाळूवर आपटला की क्लब खाली जायच्या ऐवजी वर उसळतो आणि चेंडूखालची वाळू चेंडूसकट बाहेर फेकतो. आज आपण ज्याला बाउन्स म्हणतो तो हाच.

शेतीवाल्या घरातल्या माणसाला हे एका वाक्यात कळेल: कमी बाउन्सचा तळ नांगरासारखा खाली शिरतो, जास्त बाउन्सचा वखरासारखा वरच्या थरातून सरकत जातो. कोणता कधी हवा, हे माती ठरवते.

आपल्याकडच्या तीन ऋतूंचं पाहा. नागपूर दख्खनच्या पठारावर आहे. बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली मुरूम. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत नऊशे-हजार मिलिमीटर पाऊस याच मातीवर पडतो. अशा वेळी ४-६ बाउन्सचा वेज चेंडूच्या अर्धा इंच जरी मागे पडला तरी धार मातीत शिरते. मातीचा लगदा चेंडूच्या पुढे उडतो आणि चेंडू तीन हातांवर. इथे १२ किंवा १४ बाउन्स असेल तर तीच चूक बऱ्यापैकी झाकली जाते. शिवाय पावसाळ्यात हरळी जोरात वाढते. हो, परदेशी लेखांत ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली गणपतीची दूर्वाच. चेंडू त्या दाट गवतावर तरंगतो किंवा आत दडतो. दोन्ही वेळी रुंद, बाउन्सवाला तळ गवतातून सुटून निघतो.

आता एप्रिल-मे. जिथे रोज पाणी दिलं जात नाही तिथे गवत खुरटतं आणि चेंडू जवळजवळ मातीवर बसलेला असतो. इथे १४ बाउन्सचा सँड वेज म्हणजे संकट. तळ आधी टणक जमिनीवर आपटतो, क्लब उसळतो, पुढची धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू जमिनीला घासत ग्रीनच्या पलीकडे. सोबतचे हसतात, तुम्हाला वाटतं डोकं वर उचललं. डोकं जागेवरच असतं, तळ जमिनीला मानवत नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत थंडीने हरळीची वाढ मंदावते, रंग पिवळट होतो, पण जमिनीत ओल असते. या दिवसांत मध्यम बाउन्स कुठेही अडत नाही. शिकायचं तर याच दिवसांत शिकावं, हे ओघात सांगून टाकतो.

मग घ्यायचं काय? एकच वेज घेणार असाल तर ५६चा, १० बाउन्सचा. तो जुलैत थोडा कमी पडेल, मेमध्ये थोडा जास्त होईल, पण दगा देणार नाही. दोन घेणार असाल तर माझा आग्रह हा की दोघांचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवा. ५०-५२चा ८ बाउन्सचा आणि ५६चा १२चा. पावसाळ्यात ग्रीनच्या आसपास ५६ काढायचा, उन्हाळ्यात टणक जागेवरून तो बॅगेत ठेवून ५२ने चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मारायची. लॉफ्ट कमी असल्याने चेंडू जरा जास्त पळेल, त्याचा अंदाज आठवडाभरात येतो. दोन्ही वेज एकाच बाउन्सचे घेतले तर वर्षातला एखादा ऋतू दोन्ही क्लब मिळून वाया घालवतात.

बंकरचं, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्याचं, वेगळं. वाळू भुसभुशीत आणि खोल असेल तर जास्त बाउन्स, पावसाने दबून घट्ट झालेली किंवा थर पातळ असेल तर कमी. आपल्या मैदानाची वाळू कशी आहे हे कळायला कॅडीला विचारा किंवा पाय रोवून पाहा. बंकरमध्ये वाळूचा अंदाज घ्यायला हाताने किंवा क्लबने तिला स्पर्श केला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड आहे. चेंडूच्या लगेच मागे-पुढे क्लब टेकवला, सरावाच्या स्विंगमध्ये वाळू उडवली, तरीही तोच. उभं राहताना पाय रोवायला मात्र पूर्ण मुभा आहे. बूट सहज दोन इंच खाली गेले तर ५६.१२ काढा. पायाखाली लगेच टणक लागलं तर चेहरा उघडू, म्हणजे आभाळाकडे वळवू, नका, कमी बाउन्सचा वेज घ्या आणि चेंडूच्या जवळ मारा.

देशातल्या कित्येक जुन्या मैदानांवर हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचे ब्राउन असत, काही ठिकाणी अजूनही आहेत. तुम्ही अशा जागी शिकत असाल तर उंच लॉफ्टचा मोह आणखीच सोडा. ब्राउनवर आठ नंबर आयर्नने घसरवत मारलेला चेंडू वेजपेक्षा कितीतरी शहाणा निघतो.

चौथी पायरी: आपण खोदतो की घासतो?

जमिनीनंतर स्विंग. दोन प्रकारची माणसं असतात. एकाचा क्लब वरून तिरका खाली येतो आणि चेंडूच्या पुढे तळहाताएवढा गवताचा तुकडा उडतो. दुसऱ्याचा क्लब सपाट येतो आणि गवत जेमतेम झाडल्यासारखं होतं. पहिल्याला जास्त बाउन्स हवा, नाहीतर क्लब पाताळात जाईल. दुसऱ्याला मध्यम किंवा कमी चालतो.

आपण कोणते, हे मनाने ठरवू नका. बहुतेकांना आपण दुसरे वाटतो. एक सोपी तपासणी आहे. जाड मार्करने वेजच्या तळावर टाचेपासून टोकापर्यंत समांतर तीन रेघा ओढा: एक पुढच्या धारेजवळ, एक मध्ये, एक मागच्या कडेला. गवतावरून, चटईवरून नव्हे, पाच-सात चेंडू मारा आणि तळ उलटा करून पाहा. धारेजवळची रेघ पुसली गेली असेल तर तुम्ही खोदता. मागची पुसली असेल तर हाताने चेंडू वर उचलायचा प्रयत्न चालू आहे, आणि तो कोणताही क्लब दुरुस्त करणार नाही, गुरूकडे जा. मधली पुसली असेल तर सुखाने १० बाउन्स घ्या. रेघा पुन्हा ओढा आणि ग्रीनजवळच्या छोट्या चिपसाठीही हेच करा. पूर्ण स्विंगला घासणारा माणूस चिप मारताना खोदतो, असं हमखास दिसतं, आणि नव्या खेळाडूचे वेजचे अर्ध्याहून जास्त फटके चिपचेच असतात.

एक बारीक गोष्ट: चेंडू मारताना हात चेंडूच्या जितके पुढे, तितका बाउन्स कमी होतो. हात दोन-चार अंश पुढे कलले की १० बाउन्सचा क्लब ६-८चा झाला. कोणीतरी हात पुढे दाब म्हणून शिकवलं आणि तेव्हापासून वेज रुतायला लागला, असं झालं असेल तर कारण हे आहे. उलट चेहरा उघडला की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही वाढतात. म्हणून उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर चेहरा उघडून उंच फटका मारायच्या भानगडीत पडू नये.

ग्राइंडबद्दल थोडक्यात. टायटलिस्ट कंपनीच्या वोकीसारख्या वेजच्या मालिकांत अर्धा डझनाहून जास्त ग्राइंड असतात. ते ज्यांना चेहरा वेगवेगळ्या कोनांत उघडून खेळायचं असतं त्यांच्यासाठी. नव्या माणसाने पूर्ण, न घासलेला तळ घ्यावा आणि तो जरा रुंद असेल तर उत्तम. क्लीव्हलंडची सीबीएक्स मालिका किंवा तिच्यासारखे मागून पोकळ केलेले वेज नवख्यांना ध्यानात ठेवूनच बनतात. चेंडू मधोमध लागला नाही तरी फार अंतर कमी होत नाही. दिसायला जरा ओबडधोबड वाटतात, तेवढं सोसा.

पाचवी पायरी: साठला हात लावू नका

यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. ६०चा लॉब वेज पहिल्या दोन वर्षांत घेऊ नये. एवढ्या लॉफ्टला चेंडू चेहऱ्यावर जरा वर लागला तरी तो सरळ आभाळात जातो आणि तुमच्या समोर येऊन पडतो. जरा खाली लागला तर धारेने ग्रीन पार. वर आपल्याकडच्या वाळलेल्या जमिनीवर त्याच्यासाठी चेंडूखाली जागाच नसते. टीव्हीवरचे खेळाडू ज्या ग्रीनवर खेळतात ती घोटीव, वेगवान असतात. तिथे चेंडू उंचावरून थांबवावा लागतो. आपली ग्रीन बहुधा त्याहून संथ. चेंडू लवकर जमिनीवर टाकून घरंगळू दिला तर तो झेंड्याच्या जवळ जायची शक्यता कितीतरी जास्त.

टीव्हीवर दिसतो तसा आपला चेंडू ग्रीनवर पडून मागे का फिरत नाही, हा प्रश्नही इथेच मिटवू. फिरकी चेंडूच्या वरच्या आवरणावर बरीच अवलंबून असते. स्वस्त दोन थरांच्या चेंडूंचं आवरण कडक असतं. त्यांना कोणताही वेज फार फिरवू शकत नाही. युरेथेनच्या मऊ आवरणाचे चेंडू फिरतात, पण ते महाग, आणि पावसाळ्यात झुडपात एक गेला की जीव हळहळतो. सध्या स्वस्त चेंडू घ्या, मात्र नेहमी एकाच प्रकारचा वापरा, म्हणजे अंदाज बसेल.

सहावी पायरी: खरेदी

सीताबर्डीत क्रिकेटची बॅट घ्यायची तर दहा बॅटी हातात घेऊन, चेंडू आपटून, दुकानदाराशी हुज्जत घालून घेता येते. गोल्फचं तसं सुख नागपुरात नाही. बहुतेकांची खरेदी ऑनलाइन, नाहीतर मुंबई, पुणे, दिल्लीच्या फेरीत. नावाजलेल्या कंपनीचा नवा वेज दहा हजारांच्या पुढे सहज जातो. तेवढे खर्चायचे नसतील तर डेकॅथलॉनच्या इनेसिसचा साधा वेज शिकायला पुरेसा आहे. आधी मागून वापरून पाहा. सोबत खेळणाऱ्यांपैकी कोणाकडे ना कोणाकडे ५६चा असतोच. चार चेंडू मारायला मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. मैदान लष्कराच्या किंवा हवाई दलाच्या हद्दीत असेल तर पाहुण्याने आत येण्याचे आणि सराव करण्याचे नियम आधी विचारून घ्या, गेटवर हुज्जत घालायची वेळ येऊ देऊ नका.

तपासून पाहताना चटईवर विसंबू नका. चटईखाली टणक असतं, क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी घसरत पुढे येतो आणि फटका छान गेल्यासारखा वाटतो. गवतावर तोच फटका माती खातो. मोठ्या शहरातल्या दुकानाच्या बंद खोलीत यंत्रावर आकडे सुरेख दिसले म्हणून खिसा रिकामा करू नका. तिथे लॉफ्ट आणि अंतर कळेल, बाउन्स कळणार नाही.

जुना वेज घ्यायला हरकत नाही, पण चेहऱ्यावरच्या खाचा बघून. चेहऱ्याच्या मधोमध रुपयाएवढा गुळगुळीत, चकचकीत डाग पडला असेल तर त्या क्लबने बंकरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. नख खाचेवरून आडवं फिरवा. ते अडकलं पाहिजे. एक नियमही लक्षात असू द्या: २५ अंश आणि त्याहून जास्त लॉफ्टच्या क्लबच्या खाचांबाबत २०१०पासून कडक मर्यादा आल्या, त्यामुळे फार जुना वेज घेऊन पुढे मोठ्या स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर तो नियमात बसणाऱ्या क्लबच्या यादीत आहे का ते पाहावं. मित्रांमधल्या रविवारच्या खेळात कोणी विचारत नाही. नवा कोरा नामांकित वेज अर्ध्या किमतीला मिळत असेल तर तो नकली समजून चाला.

शाफ्टचं, म्हणजे क्लबच्या दांड्याचं, फार मनावर घेऊ नका. आयर्नला स्टीलचा शाफ्ट असेल तर वेजलाही स्टीलचा, ग्राफाइट असेल तर वेजही हलका. वजनात फार फरक पडला की लय बिघडते. उंची सहा फुटांच्या पुढे किंवा पाच फुटांच्या आसपास असेल तरच लांबी आणि लायचं, म्हणजे दांडा जमिनीशी करतो त्या कोनाचं, पाहा. क्लब जमिनीवर ठेवल्यावर टोक हवेत राहत असेल तर चेंडू डावीकडे, टाच हवेत राहत असेल तर उजवीकडे जाण्याकडे कल असतो. डावखुऱ्यांसाठी हेच उलटं, शिवाय त्यांना बाउन्सचे पर्याय मोजकेच मिळतात. त्यांनी पहिल्यांदा १० बाउन्सचा ५६ दिसला की घेऊन टाकावा.

बिनमुलाम्याचा, म्हणजे क्रोमचा लेप नसलेला वेज दिसायला झकास असतो, पण आपल्या पावसाळ्यात तो पंधरा दिवसांत तांबूस होतो. गंजाने खेळ बिघडत नाही, आणि फिरकी वाढते हीही नुसती वदंता आहे. ज्याला क्लब पुसायचा कंटाळा आहे त्याने क्रोमचाच घ्यावा.

आणि हे उन्हाचं. मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. ग्रिपचं रबर तापून तापून कडक आणि निसरडं होतं, क्लबची डोकी चिकटवलेला गोंदही सततच्या उष्णतेने कमजोर पडू शकतो. घामाच्या दिवसांत दोरा घातलेली ग्रिप हाताला जरा खरखरीत लागते, पण निसटत नाही. नवा वेज मागवताना ग्रिप निवडायची सोय असेल तर तीच निवडा. महिन्यातून एकदा ग्रिप भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा.

घरी आणल्यावर

पहिले दोन आठवडे नव्या वेजने पूर्ण स्विंग मारूच नका. हात कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत, अशा तीन लांबी ठरवा आणि प्रत्येकीचं अंतर त्याच वहीत लिहा. दोन वेज असतील तर सहा अंतरं झाली. ऋतू बदलला की पुन्हा एकदा लिहा. जुलैचे आणि मेचे आकडे शेजारी ठेवले की दोन्ही वेजमध्ये कोणता कधी काढायचा हे आपसूक ठरत जातं.

प्रत्येक फटक्यानंतर चेहरा ओल्या फडक्याने पुसा. काळी माती खाचेत वाळली की सिमेंटसारखी बसते आणि खाचा भरलेला वेज चेंडूला पकडत नाही. घरी आल्यावर कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि कोपऱ्यातल्या मातीला लाकडी काडी, एवढं पुरे. खिळा, स्क्रू ड्रायव्हर किंवा ऑनलाइन विकतात ती खाचा कोरायची हत्यारं वापरू नका. खाचेचा आकार बदलला तर क्लब नियमाबाहेर जाऊ शकतो. धुतल्यावर कोरडा करून मगच बॅगेत ठेवा, विशेषतः ऑगस्टमध्ये, जेव्हा बॅगेचा तळच ओला असतो.